दोन वाऱ्यांच्या मधे

या. बूट काढू नका. अंगणात लोखंडाचा कीस सांडलाय आणि अनवाणी पाय तो बरोबर हुडकून काढतो.

इथे पायरीवर बसा. जांभ्याची आहे. रात्रभराचा गारवा अजून तिच्यात आहे, तो बसल्या बसल्या कळेल.

समोर फणसाखाली एक गाडी उभी आहे. तिच्याकडे लगेच जायचं नाही. तिला काय झालंय, तिचं काय करायचं, हे आत्ता नको.

नुसते बसा.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

मागच्या परसात भारद्वाज घुमतोय. हूप. हूप. हूप. प्रत्येक हाक सुटी. दोन हाकांच्या मधे जी जागा उरते, तिच्यात आपण बसलोय असं समजा.

आता गाडीच्या आरशाकडे बघा. त्याला लोकरीचा लाल धागा बांधलाय, वीतभर. तो समुद्राकडे झुकलाय.

म्हणजे मतलई वारा अजून आहे. रात्री जमीन लवकर निवली, समुद्र उबदार राहिला, म्हणून वारा डोंगराकडून पाण्याकडे निघाला. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत भूगोलात पाठ केले होते, तेव्हा ते दोन मार्कांचे होते. आता रोज सकाळी मी या धाग्याकडे बघत बसतो. दुपारी हाच वारा उलटा फिरेल. त्याआधी, दहा-साडेदहाच्या सुमाराला, थोडा वेळ दोन्ही नसतात. धागा सरळ खाली लोंबतो.

मला तेवढाच वेळ हवा असतो.

थांबू या.

*

गाडी बघा. नाव, साल, किंमत काही आठवू नका. नुसता आकार बघा.

बोथट तोंड. दोन गोल दिवे. गोलावलेल्या कडा. छपरावर फणसाची पानं, काही हिरवी, काही पिवळी. एक पान आत्ताच पडतंय.

पडू द्या.

मॅटॅडोर आहे ही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. 1958 साली ही कंपनी उभी राहिली ती हँबर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार करून. आधी तीनचाकी आली आणि आपण सामानाच्या कुठल्याही गाडीला टेम्पो म्हणायला लागलो. 2005 मध्ये कंपनीनं ते नाव सोडून फोर्स मोटर्स घेतलं. आपण मात्र अजून टेम्पोच मागवतो.

माझ्या मुलीच्या भाषेत ही कॅम्पर व्हॅन आहे. म्हणजे होणार आहे. आत एक फळीचा पलंग, एक शेगडी, पाण्याचा कॅन, खिडकीला पडदा. आरटीओचे कागद हा वेगळ्या दिवसाचा विषय, तो आज अंगणात आणू नका. गावात विचाराल तर ही मॅटॅडोर. आणि शेजारच्या आजींच्या भाषेत, "तो डबा".

डबा हेही बरोबरच आहे.

*

आता उठा. हळू चला. गाडीच्या मधल्या दाराशी या आणि खाली बसा, उकिडवे.

तळहात पत्र्यावर ठेवा.

गार. किंचित ओला. दव आहे. दवाखाली रंग गुळगुळीत लागतो आणि मग एका जागी हात अडतो. तिथे रंग फुगलाय. फोड आल्यासारखा.

बोट तिथेच राहू द्या. दाबू नका अजून.

त्या फोडाखाली लोखंड फुगतंय. पाणी आणि प्राणवायू मिळाला की लोखंडाचा गंज होतो आणि गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून तो रंगाला आतून उचलतो. हळूहळू. एखाद्या पावसाळ्यात एवढासा, पुढच्या पावसाळ्यात अजून एवढासा. इथे तर हवेतच मीठ.

आता दाबा.

ऐकलंत? भाजलेला पापड मोडल्यासारखं.

पापुद्रा बोटावर घ्या. बाहेरून पांढरा, त्याच्या आत पिवळा, त्याच्या आत निळा. तिच्या पिवळ्या दिवसांत ती शाळेची पोरं नेत असावी. पिवळ्यावर एक अक्षर अर्धं राहिलंय, "ळ" असेल. निळ्याबद्दल मला काही सुचत नाही. आणि सगळ्यात आत हे तपकिरी, भुगा होणारं, जे कुणी रंगवलं नव्हतं.

हलकेच फुंकर मारा.

गेलं.

*

आत या. दार ओढून घ्या. खिडक्यांना गोणपाटं लावलीत, अंधार होईल. होऊ द्या.

बाकं काढून टाकलीत. खाली मोकळी जमीन आहे, मांडी घाला.

डोळे अंधाराला सरावेपर्यंत श्वास मोजा. दहापर्यंत पुरे.

आता दाराशेजारी, खाली, जिथे जमीन आणि बाजूचा पत्रा एकमेकांना मिळतात, तिथे बघा.

एक भोक आहे. रुपयाच्या नाण्याएवढं. त्यातून सकाळ आत येतेय.

आज आपल्याला एवढंच बघायचंय. हे भोक. बाकी जे काही सांगेन ते याच्या आजूबाजूचं.

त्याच्या कडेला बघा. कड सरळ नाही. समुद्राने चावलेल्या किनाऱ्यासारखी आहे, आखातं, खाड्या, एखादं बेट. कडेजवळ उजेड तांबूस होतो.

आपल्याला वाटतं, भोक म्हणजे जे नाही ते. पण इतक्या वेळात या गाडीत तुम्ही फक्त त्याच्याकडेच बघताय.

राहा तिथे.

*

माझ्या पहिल्या दिवशी मी असा बसलो नव्हतो. पेचकस घेतला आणि खुपसला. रुपयाचं भोक तळहाताएवढं झालं. अजून खुपसलं. ताटलीएवढं झालं. प्रत्येक वेळी वाटायचं, इथे संपेल. रात्री जेवताना मी घरात म्हणालो, गाडी अशी नाहीच, नुसता रंग उभा आहे.

मग गावातला फॅब्रिकेशनचा मिस्त्री आला. सव्वीस वर्षांचा पोरगा, माझ्याहून चाळीस वर्षांनी लहान. त्याने पेचकस माझ्या हातातून काढून घेतला आणि छोटी हातोडी दिली.

"काका, टोचू नका. वाजवा."

तर ती हातोडी आता तुमच्या हातात आहे. भोकापासून हातभर लांब, वर, पत्र्यावर हलकेच वाजवा.

ठण.

आवाज विरेपर्यंत थांबा.

दोन बोटं खाली या. पुन्हा.

ठण.

अजून खाली.

ठण. पण शेवट जरा आखूड.

अजून खाली.

थप.

डोळे मिटा आणि पुन्हा वाजवा, खालून वर. थप. थप. ठप. ठण. कुठे बदलला? बोट ठेवा. तिथे खडूने रेघ ओढा.

असंच भोकाभोवती. घाई नको. काही ठिकाणी चांगलं लोखंड दोन बोटांवर भेटतं. खालच्या अंगाला, जिथे चिखल साठत होता, तिथे वीतभर जावं लागतं. एका ठिकाणी कान फसतो, मागे पट्टी आहे म्हणून. पुन्हा वाजवा.

रेघ पुरी झाली की हातोडी खाली ठेवा.

रेघेच्या आतलं जाणार आहे. रेघेबाहेरचं राहणार आहे. गंजावर वेल्डिंगचा टाका धरत नाही. वितळलेलं लोखंड चांगल्या लोखंडालाच धरतं. एवढं या कामाचं शास्त्र. बाकी सगळी सवय.

*

बाहेर येऊ या. पायरीवर पुन्हा बसा.

धागा बघा. अजून समुद्राकडे, पण आता थोडा आळसावलाय.

श्वास आत घ्या.

हा जो प्राणवायू आत गेला, तो तुमच्या रक्तातल्या लोखंडाला चिकटून फिरतोय. सगळ्या अंगात मिळून तीन-चार ग्रॅम लोखंड. एखाद्या छोट्या खिळ्याएवढं. तेवढ्यावर आपण चालतो, बोलतो, रागावतो.

सोडा श्वास.

हीच हवा पत्र्यालाही लागते. पत्र्यालाच का, ज्या पायरीवर बसलाय तिलाही.

पायरीवर हात ठेवा. खडबडीत, भोकाभोकाची, लाल. जांभ्याचा लाल रंगही लोखंडाच्या गंजाचाच. फ्रान्सिस बुकनन नावाच्या माणसाने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये त्याला लॅटेराइट म्हटलं, लॅटिनमधल्या विटेवरून, कारण लोक तो विटेसारखा कापत होते. आपल्या चिरेखाणीत अजून तसाच कापतात. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. हवा लागली की कडक होतो.

एका हाताखाली हवेने कडक झालेला दगड.

समोर हवेने भुगा झालेला पत्रा.

दोघांचा रंग एकच. मला यातून काही सिद्ध करायचं नाही. फक्त एकदा इकडे बघा, एकदा तिकडे.

*

रेघेवरून कापायचं काम मी उरकून टाकलंय. ग्राइंडरच्या आवाजात मनन होत नाही, आणि होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता तिथे स्वच्छ चौकट आहे. चारी कोपरे गोल, कारण टोकदार कोपऱ्यातून पत्रा पुन्हा फाटतो. कडेला दोन बोटं रुंद, रंग काढून घासलेलं लोखंड. चांदीसारखं नाही. ढगाळ दिवशीच्या खाडीसारखं.

हा पुठ्ठा घ्या. साडीच्या खोक्याचा आहे. चौकटीवर धरा, आतून पेन्सिल फिरवा. कापा. बसवून बघा. एका बाजूला अडेल.

काढा. केसभर कापा. पुन्हा बसवा.

पुठ्ठ्याशी भांडायला काही लागत नाही. तो चुकला तर दुसरा पुठ्ठा. म्हणून इथे हवा तेवढा वेळ घ्या. बसला की अलगद बसतो, तुमच्या बोटांना कळतं.

त्यावरून पत्रा कापलाय. वीस गेजचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर. हातात धरा. पातळ आहे ना? लोखंड 1538 अंशाला वितळतं. वेल्डिंगची ठिणगी त्याहून कितीतरी गरम. एवढ्या पातळ पत्र्याशी तिची गाठ घालून द्यायची आणि तो जळू द्यायचा नाही.

पहिल्या आठवड्यात मी भोक बुजवायला बसायचो आणि उठेपर्यंत दोन झालेली असायची.

*

धागा.

बघा, धागा.

सरळ खाली आहे. फणसाचं एक पान हलत नाही. कोंबडं ओरडायचं थांबलंय की मलाच तसं वाटतंय, माहीत नाही. समुद्राची गाज लांबून, एकसारखी, जमिनीतून आल्यासारखी.

मतलई संपली. खारा वारा यायचाय.

हीच ती वेळ.

वेल्डिंगच्या गनच्या तोंडातून तार येते आणि तारेभोवती वायू. कार्बन डायऑक्साइड. आमच्याकडे या वेल्डिंगचं नावच सीओटू. वायूचं काम काही नाही. तो फक्त हवेला बाजूला ठेवतो. लोखंड वितळून पुन्हा गोठेपर्यंत, डोळ्याची पापणी दोनदा लवेल तेवढा वेळ. वारा आला तर वायू उडून जातो आणि टाका जाळीदार होतो, स्पंजासारखा.

म्हणजे ठिणगीभोवती एक नखाएवढी शांतता लागते. त्या शांततेभोवती ही अंगणाएवढी.

ओलं गोणपाट शेजारी आहे. बादली भरलेली आहे. बॅटरीची वायर काढलेली आहे. अर्थिंगचा चिमटा घासलेल्या लोखंडाला लावलाय. अंगावर सुती जाड सदरा, हातमोजे.

मुखवटा चढवा.

एकदा मी "एकच तर टाका" म्हणून डोळे मिटून मारला. दिवसभर काही नाही. रात्री दोनला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि सकाळपर्यंत मी भिंतीला टेकून बसून होतो. मिटल्या पापणीच्या भरवशावर राहायचं नाही. तेव्हा मुखवटा आधी. नेहमी.

आता काळोख आहे. काचेआड काही दिसत नाही. स्वतःचा श्वास मात्र मोठ्याने ऐकू येतो.

ऐका तो.

शिकाऊ माणूस इथे श्वास रोखतो. मीही रोखायचो, आणि हात थरथरायचा. मिस्त्री मागून म्हणायचा, "काका, श्वास सोडा. पाण्यात नाही बुडालात."

सोडा.

श्वास बाहेर जाताना, अर्ध्यावर, बोट दाबा.

*

हिरवं.

सगळं जग हिरवं आणि अंगठ्याच्या नखाएवढं.

मधे एक ठिपका. त्याच्याकडे नका बघू, त्याच्या मागे बघा. तिथे लोखंडाचं पाणी झालंय. लहानसं तळं, काठाशी थरथरणारं. जुन्या पत्र्याचा काठ आणि नव्या पत्र्याचा काठ, दोन्ही त्यात उतरतात आणि मग कुठला कुठला ते दिसत नाही.

आवाज ऐका. तळणीत भजी एकसारखी तळावीत तसा. तडतडला, फटफटला, तर काहीतरी चुकतंय. तार जास्त येतेय किंवा गावात पंप सुरू होऊन लाइट पडलीय. एकसारखा असेल तर सोडा त्याला, चालू द्या.

बोट उचला.

तळं लाल होतं. तांबडं. तपकिरी. काळं.

पुन्हा काळोख. पुन्हा श्वास.

हा एक टाका झाला.

लगेच शेजारी दुसरा मारायचा मोह होतो. नको. पत्रा तापतो, ओढतो, त्याला पोट येतं. दुसरा टाका समोरच्या कडेला, जिथे पत्रा अजून गार आहे. तिसरा डावीकडे. चौथा उजवीकडे. आणि मधे थांबायचं.

किती थांबायचं? हातमोजा काढून तळहात जवळ न्या. ऊब हाताला टोचते तोवर नाही. ऊब नुसती ऊब झाली, की मग.

ऊब जाताना बघायला शिका. तिला रंग नाही, आवाज नाही. ती फक्त कमी होत जाते.

टाका. थांबा.

टाका. थांबा.

या एवढ्याशा चौकटीला माझी एक अख्खी सकाळ जाते. मिस्त्रीला वीस मिनिटं पुरली असती. त्याने तसं सांगितलंही, प्रेमाने.

*

मुखवटा वर करा. उजेड पांढरा लागेल. डोळे किलकिले करा.

काय दिसतं?

टाके ओबडधोबड आहेत. काही उंच, काही पसरट, एक भलताच तिरका. मिस्त्री वाकून बघतो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"काका, गोवऱ्या थापल्यात."

मग नखाने एक टाका खरवडून बघतो. पक्कडीने कड ओढून बघतो. कड हलत नाही.

"धरलंय पण," म्हणतो.

एका जागी मी जाळलंय. मसुराएवढं भोक. तो खिशातून तांब्याच्या पाइपचा ठोकून चपटा केलेला तुकडा काढतो आणि मागून टेकवून धरतो. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही. भोकाला पाठ मिळाली की ते भरतं. मी गन लावतो. एक श्वास. भरलं.

तांबं बाजूला घेतल्यावर त्यावर काहीच नसतं, फक्त थोडा धुराचा डाग. ते तसं धरून राहणं बघायला मला आवडतं.

आता टाके घासून सपाट केले. कापडाने पुसलं. डबा उघडा.

रेड ऑक्साइड. काडीने ढवळा. तळाशी बसलेला रंग वर येऊ द्या. लाल, दाट, गेरूच्या जातीचा.

रंग पाहिलात? हा लाल रंग म्हणजेही लोखंडाचं ऑक्साइड. गंजाचा भाऊ. गंज येऊ नये म्हणून आपण लोखंडाला हेच फासतो.

ब्रश बुडवा. निथळू द्या. कडेपासून मधे. जुन्यावरून नव्यावर, नव्यावरून जुन्यावर. टाक्यांचे उंचवटे ब्रशला जाणवतात, गुडघ्यावरच्या जुन्या व्रणासारखे.

झालं. हात लावू नका. वाळू द्या.

*

चार वाजलेत. धागा आता डोंगराकडे ताणलाय आणि फडफडतोय. फणसाची पानं उलटी होतायत. ओठ चाटून बघा, खारट लागतील.

चला, एकदा आत जाऊ.

दार ओढून घ्या. मांडी घाला. सकाळच्याच जागी.

दहापर्यंत श्वास.

आता बघा तिथे, खाली, दाराशेजारी.

काळोख आहे. पत्रा कुठे संपतो, जमीन कुठे सुरू होते, दिसत नाही. सकाळचा उजेड आठवतो, पण नाही आता तो.

बघत राहा.

डोळे सरावले की हळूहळू कळेल. डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, जिथे तो तिरका टाका आहे. सुईच्या टोकाएवढा एक ठिपका.

पांढरा. स्थिर.

एक टाका कमी पडलाय. आज काही करता येणार नाही, वारा सुटलाय.

बसा. काही करायचं नाहीये.

ठिपक्याकडे बघा. श्वास आत. श्वास बाहेर.

बाहेर कुणीतरी चालत जातं. ठिपका विझतो.

पुन्हा लागतो.